आकडा काढणे आणि आकडा पारखणे

शासनाच्या कोणत्याही खात्यात दर महिन्याला जी विवरणपत्रे येतात, त्यांतील आकडे मुळात आकडे नसतात. तो मजकूर असतो. जिल्हा कार्यालयातील कोणी ऑपरेटर एका रकान्यात काही खुणा टंकित करतो. त्या खुणांना संख्या मानायचे की नाही, हे पुढे कोणीतरी ठरवावे लागते. पूर्वी हे काम लेखा शाखेतील अनुभवी कारकून करीत असे. रकान्यात ‘रु. १,२५,०००/-’ असे दिसले तर तो सव्वा लाख समजत असे, आणि ‘१२.५ ला.’ असे दिसले तर फोन उचलून विचारीत असे. आता हा निर्णय बहुतेक ठिकाणी संगणकीय आज्ञावलीच्या दोन-चार ओळी घेतात. त्या ओळी कोणी लिहिल्या, केव्हा लिहिल्या आणि त्या नेमके काय करतात, हे त्या आकड्यांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला सहसा ठाऊक नसते. आजच्या लेखाचा विषय या दोन-चार ओळी हाच आहे.

विषय तांत्रिक आहे, पण त्यातील प्रश्न प्रशासनाचा आहे, म्हणून येथे लिहितो. अर्थशास्त्रात एम.ए. करून मी केंद्र सरकारच्या सेवेत आलो. संगणकशास्त्राचे औपचारिक शिक्षण मला नाही. शेल स्क्रिप्ट वाचायला शिकलो ते केवळ गरजेपोटी. दिल्लीतील माझ्या कार्यालयात राज्यांकडून येणाऱ्या फायली एकत्र करून मासिक अहवाल तयार होत असे. एखादा आकडा खटकला आणि विचारणा केली की ‘सिस्टिममध्ये असेच आहे’ हे उत्तर मिळे. ते उत्तर मला कधीच पुरेसे वाटले नाही.

अपरिचित वाचकांसाठी दोन शब्द. युनिक्स आणि लिनक्स या कार्यप्रणालींत वापरकर्त्याने टंकित केलेल्या आज्ञा वाचून त्या पार पाडणारा जो प्रोग्राम, त्याला शेल म्हणतात. अशा आज्ञा ओळीने लिहून ठेवलेली फाईल म्हणजे शेल स्क्रिप्ट. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झाला. आज सर्वत्र आढळणारा ‘बॅश’ हा त्याचा वारस १९८९ सालचा. मजकुरातून हवा तो भाग शोधणारा ‘ग्रेप’ आणि रकान्यांवर काम करणारा ‘ऑक’ ही दोन्ही साधने १९७०च्या दशकात बेल प्रयोगशाळांत जन्मली. वयाने ती माझ्याच पिढीची आहेत, आणि माझ्या पिढीप्रमाणेच अजून कामावर आहेत. रात्री आपोआप चालणारी, फायली गोळा करणारी, बेरजा करून पुढे पाठवणारी बरीचशी कामे आजही त्यांच्यावर सोपवलेली असतात.

शेलचा एक स्वभाव मात्र नीट ध्यानात ठेवला पाहिजे. त्याच्या दृष्टीने सर्व काही मजकूर असते. ‘४५’ हा त्याला चार आणि पाच या दोन खुणांचा मजकूर. ‘नागपूर’ हाही मजकूरच. एखाद्या मजकुराला संख्या म्हणून वागवा असे आपण सांगतो तेव्हाच तो तसे वागवतो, आणि ते सांगण्याच्या अनेक पद्धती आहेत. गोंधळाचे मूळ या अनेक पद्धतींत आहे.

एक उदाहरण सांगतो. २०१८ सालची गोष्ट. एका योजनेखालील निधीचा पुढील हप्ता सोडण्यापूर्वी आधीच्या हप्त्यातून किती खर्च झाला, हे पाहण्याचा नियम होता. ईशान्येकडील एका डोंगराळ जिल्ह्याचा खर्च सलग दोन महिने शून्य दिसत होता. फायलीवर टिपणी आली की सदर जिल्ह्याने निधी वापरलेला नसल्याने पुढील हप्ता स्थगित ठेवावा. टिपणी नियमाला धरून होती. त्या हप्त्यातून रोजंदारीवरील कामगारांचे पैसे द्यायचे होते, ही गोष्ट टिपणीत कोठेही नव्हती. तशी ती असण्याचे कारणही नव्हते.

आमच्याकडे कंत्राटावर काम करणारा एक तरुण प्रोग्रामर होता. त्याने मूळ फाईल उघडून पाहिली आणि माझ्या खोलीत येऊन म्हणाला, “सर, या जिल्ह्याने खर्च कळवलेला आहे. आपल्या स्क्रिप्टने तो वाचलेला नाही.”

मूळ फायलीत रक्कम स्पष्ट होती: १,२५,०००. जिल्ह्याच्या लेखापालाने शाळेत शिकल्याप्रमाणे हजार आणि लाख यांच्या जागी स्वल्पविराम दिले होते. इतर बहुतेक जिल्ह्यांनी स्वल्पविराम न देता रकमा लिहिल्या होत्या. बाहेरच्या एका पुरवठादाराने पूर्वी लिहून दिलेली स्क्रिप्ट हा मजकूर बॅशच्या अंकगणितात जसाच्या तसा टाकत होती. बॅशच्या अंकगणितात स्वल्पविरामाला स्वतंत्र अर्थ आहे. त्याने वेगळ्या केलेल्या राशी एकामागून एक मोजायच्या आणि शेवटच्या राशीचे उत्तर तेवढे ठेवायचे, असा तो नियम. त्यानुसार यंत्राने १ मोजला, २५ मोजले, आणि शेवटचे ‘०००’ हे उत्तर म्हणून ठेवले. सव्वा लाखाचे शून्य झाले ते असे. त्रुटीचा संदेश आला नाही, कारण यंत्राच्या नियमाप्रमाणे त्रुटी झालेलीच नव्हती.

आणखी एका जिल्ह्याने १,२५,४३० अशा स्वरूपाची रक्कम पाठवली होती आणि तिचे ४३० रुपये झाले होते. महिन्याचा खर्च चारशे तीस रुपये हे कोणालाही विचित्र वाटेल. तसे ते सेक्शन ऑफिसरना वाटले, त्यांनी फोन केला आणि आकडा हाताने दुरुस्त झाला. शून्याबद्दल मात्र कोणाला शंका आली नाही. शासकीय अहवालात शून्य हा नेहमीचा पाहुणा आहे. तो आल्यावर त्याची चौकशी कोणी करीत नाही.

हप्ता सोडण्यात आला. त्यानंतर त्या तरुण सहकाऱ्याने आणि मी एक प्रयोग केला. मजकुरातून पूर्णांक काढण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी तीन घेतल्या आणि विवरणपत्रांत प्रत्यक्ष आढळणारे नमुने तिन्हींना दिले. (या लेखात मी अंक देवनागरीत लिहीत आहे, फायलींत ते आंतरराष्ट्रीय रूपात होते असे समजावे. देवनागरी अंकांचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो.)

पहिली पद्धत गाळणीची. अंकांखेरीज जे काही असेल ते काढून टाकायचे आणि उरेल तो आकडा. दुसरी पद्धत ऑकची. तो डावीकडून वाचू लागतो, जेथवर संख्या दिसते तेथवर घेतो, पुढचे सोडून देतो आणि काहीच न सापडल्यास शून्य मानतो. तिसरी पद्धत बॅशच्या अंकगणिताची, जी वर पाहिली.

‘१,२५,०००’ याचे गाळणीने १२५००० दिले, ऑकने १ दिला आणि बॅशने ०. ‘१२.५० लाख’ याचे गाळणीने १२५० केले, ऑकने १२.५ मानले आणि बॅशने त्रुटी दाखवून काम थांबवले. ‘-३५०’ म्हणजे परत आलेली रक्कम. तिचे ऑक आणि बॅश यांनी उणे ३५० असेच वाचन केले, पण गाळणीने उणे चिन्ह काढून टाकल्याने परतावा हा खर्च झाला आणि बेरजेत दुप्पट, म्हणजे ७०० रुपयांचा फरक पडला. रोमन लिपीत लिहिलेल्या ‘निल’ या शब्दाला गाळणीने कोरे उत्तर दिले. ऑक आणि बॅश या दोघांनी शून्य दिले. बॅशचे कारण गमतीचे आहे. त्याने ‘निल’ हे एखाद्या चलाचे नाव समजून त्याची किंमत शोधली, तसा चल नसल्याने किंमत शून्य धरली.

एकच मजकूर आणि तीन पद्धतींची तीन उत्तरे, असे अनेकदा घडले. यांपैकी कोणतीही पद्धत सदोष आहे असे मी म्हणणार नाही. प्रत्येक साधन आपल्या नियमावलीप्रमाणे चोख वागले. दोष असेल तर तो आपल्या एका समजुतीत आहे. मजकुरातून आकडा निघाला म्हणजे त्या मजकुरात आकडा होता, असे आपण धरून चालतो. आकडा काढणे आणि आकडा पारखणे ही दोन कामे वेगळी आहेत. काढणारी क्रिया बहुतेक वेळा काही ना काही देतेच. पारखणाऱ्या क्रियेला ‘हा आकडा नाही’ असे म्हणता आले पाहिजे. ज्या यंत्रणेत नकार देण्याची सोयच नाही, तेथे पारख झालेली नाही, असे खुशाल समजावे.

मराठी शासनव्यवहारात ‘निरंक’ हा फार नेमका शब्द आहे. एखाद्या तालुक्यात महिनाभरात एकही प्रकरण घडले नसेल, तर त्याने अहवाल पाठवायचाच नाही असे चालत नाही. ‘निरंक’ असा अहवाल पाठवावा लागतो. म्हणजे आम्ही पाहिले, मोजले, आणि मोजण्यासारखे काही आढळले नाही. याउलट ‘अप्राप्त’ म्हणजे त्यांचा अहवाल आमच्यापर्यंत आलेलाच नाही. पहिले विधान वस्तुस्थितीविषयी आहे, दुसरे आपल्या अज्ञानाविषयी. जुन्या कारकुनांना हा भेद शिकवावा लागत नसे. ऑकला तो ठाऊक नाही. कोरा रकाना असो, ‘निरंक’ असो की ‘अहवाल प्रतीक्षेत’ असो, तिन्हींना तो शून्यच मानतो.

या भेदाचा परिणाम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच कळतो. चार जिल्हे आहेत. तिघांनी ४०, ५० आणि ६० कळवले, चौथ्याचा रकाना कोरा आहे. ज्यांनी कळवले त्यांची सरासरी ५० येते. कोऱ्या रकान्याला शून्य मानले तर ती ३७.५ होते. राज्याची कामगिरी एका फटक्यात चतुर्थांशाने घसरली, आणि प्रत्यक्षात जमिनीवर काहीही बदललेले नाही. असे आकडे पुढे बैठकांत जातात, त्यांवर खुलासे मागवले जातात, आणि खुलासा देणाऱ्यालाही कळत नाही की आपण कशाचा खुलासा करीत आहोत.

दुसरा प्रश्न संकेतांकांचा. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत राज्यांना दोन अंकी क्रमांक होते. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. राजस्थानचा ०८ आणि उत्तर प्रदेशाचा ०९. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नोंदणी क्रमांकातील पहिले दोन अंकही असेच राज्य दाखवतात. आता बॅशचा आणखी एक नियम पाहा. जी संख्या शून्याने सुरू होते ती अष्टमान पद्धतीतील आहे, असे तो मानतो. ही सी भाषेतून आलेली रीत आहे. अष्टमान पद्धतीत अंक शून्य ते सात एवढेच. आठ आणि नऊ त्यात नाहीत. त्यामुळे ०१ पासून ०७ पर्यंतची राज्ये निर्वेध पार पडतात. राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे स्क्रिप्ट त्रुटी दाखवून थांबते. लोकसंख्येने देशातील सर्वांत मोठे राज्य या यंत्राच्या लेखी अवैध संख्या ठरते!

ही त्रुटी निदान बोलकी आहे. गप्प बसणारी त्रुटी अधिक घातक. २०११च्या जनगणनेत देशातील ६४० जिल्ह्यांना तीन अंकी क्रमांक दिले होते. त्यांतील ०१० हा क्रमांक बॅशने संख्या म्हणून वाचला तर ८ होतो. ०२७ चा २३ होतो. कोणताही संदेश येत नाही. सत्ताविसाव्या जिल्ह्याचा खर्च तेविसाव्या क्रमांकाखाली जमा होतो आणि एकूण बेरीज अगदी बरोबर येते. बेरीज जुळली की आपली तपासणी संपते, म्हणून अशी चूक वर्षानुवर्षे टिकू शकते. बॅशमध्ये पाया दहा आहे असे स्पष्ट सांगण्याची सोय आहे आणि रकमांसाठी ती वापरावी. पण संकेतांकांच्या बाबतीत खरा उपाय वेगळा आहे. संकेतांकांची बेरीज कोणी करीत नाही, सरासरी कोणी काढीत नाही. ती संख्या नसून अंकांत लिहिलेले नाव आहे. त्याला मजकूर म्हणूनच वागवावे आणि अंक किती आहेत ते तपासावे.

येथे एका मराठी माणसाची आठवण होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या आपल्या सहा अंकी पिनकोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय संचार मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित कवी. पिनकोडचा पहिला अंक १ ते ९ यांपैकीच असतो. १ ते ८ हे भौगोलिक विभाग आणि ९ हा सैन्याच्या टपालासाठी. शून्याने सुरू होणारा पिनकोड नाही. त्यामुळे भारतीय पत्ता संगणकाने संख्या म्हणून साठवला तरी त्यातील अंक गळत नाही. हे भाग्य सर्वांना लाभत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांचे पाच अंकी टपाल क्रमांक ०७ किंवा ०८ ने सुरू होतात. कोणा कंपनीच्या पत्रावर आपला क्रमांक चारच अंकांचा छापून आलेला त्यांच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यामागचे कारण हेच.

आता देवनागरी अंकांकडे येऊ. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ प्रमाणे संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी, पण शासकीय प्रयोजनांसाठी अंकांचे रूप मात्र भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप. संविधान सभेत अंकांच्या या प्रश्नावर तीव्र वाद झाला होता आणि १४ सप्टेंबर १९४९ रोजी या तडजोडीला मान्यता मिळाली. त्याच अनुच्छेदानुसार आंतरराष्ट्रीय रूपाखेरीज देवनागरी अंकही वापरण्याची मुभा राज्यघटनेच्या पहिल्या पंधरा वर्षांत राष्ट्रपतींना देता येत होती. महाराष्ट्रातील सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत देवनागरी अंक सर्रास दिसतात, आणि तसे ते दिसावेत असेच मला वाटते.

संगणकाला मात्र ‘१२५’ हे देवनागरी रूप आणि त्याचे आंतरराष्ट्रीय रूप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. युनिकोडने देवनागरी अंकांना स्वतंत्र स्थाने दिली आहेत आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी अंकाला तीन बाइट लागतात. वरील गाळणीने देवनागरी ‘१२५’ पूर्ण गाळून टाकला आणि कोरे उत्तर दिले. ऑकने शून्य दिले. पायथन ही अलीकडची भाषा मात्र देवनागरी अंक संख्या म्हणून वाचते. म्हणजे एकाच फायलीवर दोन खात्यांनी दोन साधने चालवली, तर एकाला जिल्ह्याचा आकडा दिसेल आणि दुसऱ्याला शून्य. यावर उपाय अवघड नाही. ‘सेड’ या साधनाला एका आज्ञेत दहा अंकांच्या दहा जोड्या देऊन रूपांतर करता येते. रूपांतर आधी आणि पारख नंतर, हा क्रम तेवढा पाळायचा. आपल्या लिपीत पाठवलेला आकडा हा आकडाच नाही असे यंत्राने म्हणणे, आणि ते कोणाच्या लक्षातही न येणे, हे मला तांत्रिक उणिवेपेक्षा अधिक वाटते.

सुरक्षेचाही एक मुद्दा आहे. बॅशच्या अंकगणितात मजकूर न तपासता टाकला आणि त्या मजकुरात चौकटी कंसांच्या विशिष्ट रचनेत एखादी आज्ञा दडवलेली असली, तर बॅश ती आज्ञा पार पाडतो. रकान्यात आकड्याऐवजी फायली पुसून टाकण्याचा हुकूम लिहिला तर तो अमलात येऊ शकतो. आवकात आलेल्या पत्रातील मजकूर हा अधिकाऱ्याने काढलेला आदेश समजून शाखेने त्याची अंमलबजावणी करावी, तसाच हा प्रकार. म्हणून बाहेरून आलेला मजकूर अंकगणितापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पारखला गेला पाहिजे.

या सर्व विचारातून आम्ही आमच्या शाखेपुरती एक कार्यपद्धती ठरवली. ती कोणत्याही कार्यालयाला उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे देतो.

१. प्रथम मजकूर स्वच्छ करावा. पुढचे-मागचे मोकळे अंतर काढावे. विंडोजवर तयार झालेल्या फायलीत ओळीच्या शेवटी एक अदृश्य खूण असते, ती काढावी. ती राहिली तर ‘४५’ दिसायला ४५ असूनही शेल त्याला पूर्णांक मानत नाही. देवनागरी अंकांचे रूपांतर याच टप्प्यावर करावे.

२. स्वल्पविराम सरसकट काढू नयेत. ते हजार, लाख आणि कोटी यांच्या योग्य जागी आहेत का ते पाहावे, मगच काढावेत. ‘४५,३’ हा आकडा नसून बहुधा दोन आकडे आहेत.

३. त्यानंतर संपूर्ण मजकुराची पारख करावी. रकाना कोरा असेल, किंवा त्यात अंकांखेरीज एकही खूण असेल, तर नकार. उणे चिन्ह चालणार असेल तर ते फक्त आरंभी आणि एकदाच. ग्रेप वापरत असल्यास नमुन्याला आरंभाची आणि शेवटाची खूण लावावी. ती नसेल तर ‘यात अंक आहे का’ एवढेच विचारले जाते आणि ‘खोली क्रमांक १२’ हाही मजकूर उत्तीर्ण होतो.

४. वाक्यातून आकडा काढायचा असेल, उदाहरणार्थ ‘पूर्ण कामे ४५, पैकी तपासणी ३’, तर आधी नेमके शीर्षक शोधावे आणि त्याच्या पुढचा आकडा घ्यावा. तेथे नेमका एक आकडा न सापडल्यास नकार. पहिला सापडेल तो घ्यावा, हा नियम कदापि करू नये.

५. अंकांची लांबी पाहावी. बॅशचे अंकगणित ६४ बिटांचे आहे; ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ही त्याची कमाल मर्यादा. तिच्यात एक मिळवला तर उत्तर थेट उणे होते आणि यंत्र काही बोलत नाही. अठरा अंकांपर्यंतच्या संख्या निर्धास्तपणे घ्याव्यात, त्यापुढे नकार. मग त्या रकान्याला शोभेल अशी किमान-कमाल मर्यादा लावावी.

६. नाकारलेली प्रत्येक ओळ, तिचा क्रमांक आणि तिच्यातील मूळ मजकूर जशाच्या तशा वेगळ्या फायलीत लिहाव्यात आणि ती फाईल त्याच दिवशी संबंधित राज्याकडे पाठवावी. अहवालात संख्या, निरंक, अप्राप्त आणि नाकारलेले या चार स्थिती वेगवेगळ्या दाखवाव्यात.

पहिल्या पाच गोष्टींना कोणाचाही विरोध झाला नाही. सहाव्या गोष्टीला झाला. पहिल्याच महिन्यात नाकारलेल्या ओळींची यादी दोन पानांची झाली. आजवर सर्व जिल्ह्यांचे आकडे असलेला अहवाल जात होता. आता त्यात रिकाम्या जागा दिसू लागल्या. वरिष्ठांच्या बैठकीत विचारणा झाली की पूर्वी माहिती पूर्ण येत होती, मग आताच अपूर्ण का? मी नम्रपणे सांगितले की माहिती पूर्वीही इतकीच अपूर्ण होती, फक्त तिच्या जागी शून्ये बसलेली होती. हे उत्तर सर्वांना रुचले असे नाही. पण त्या डोंगराळ जिल्ह्याची फाईल मी बरोबर नेली होती, आणि ती पाहिल्यावर चर्चा पुढे सरकली. काही महिन्यांत यादी आपोआप आखूड झाली. आपला आकडा का नाकारला गेला हे राज्यांना प्रथमच नेमके कळत होते, त्यामुळे त्यांचे ऑपरेटर रकाने नीट भरू लागले.

पारखीची मर्यादाही सांगितली पाहिजे. आधार क्रमांकाचे पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाले. त्या बारा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक हा व्हेरहोफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक आहे. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर संगणक ते जागीच ओळखतो. पण क्रमांक बिनचूक आहे म्हणजे तो समोरच्याच माणसाचा आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. वयाच्या रकान्याचेही तसेच. ‘४०’ हा निर्दोष पूर्णांक आहे. तरीही आपल्या जनगणनांत शून्य आणि पाच यांनी संपणारी वये अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आढळतात, कारण जन्मतारीख ठाऊक नसलेला माणूस ठोकळ वय सांगतो. हा कल मोजण्यासाठी लोकसंख्याशास्त्रात व्हिपल निर्देशांक आहे. वये बिनचूक असतील तर तो १०० च्या आसपास येतो आणि सर्वांनीच शून्य वा पाचावर संपणारी वये सांगितली तर ५००. शेलमधील कोणतीही पारख हे पकडू शकत नाही. ती फक्त एवढेच सांगते की हा मजकूर संख्या म्हणून वाचता येतो. तो आकडा खरा आहे की नाही, हे पाहायला माणसालाच जावे लागते.

परंतु जिल्ह्यातील माणसाने खरा आकडा पाठवल्यावर तो मध्येच हरवू नये, एवढी जबाबदारी तरी मुख्यालयाची आहे. निधीचे वाटप, राज्यांची क्रमवारी, संसदेतील प्रश्नांची उत्तरे या सर्वांच्या मुळाशी अशा स्क्रिप्ट असतात आणि त्या क्वचितच कोणी वाचलेल्या असतात. आपल्यापैकी अनेकजण बंगळूर, हैदराबाद वा परदेशांत संगणकक्षेत्रात आहात; काहीजण बँकांत, रेल्वेत, केंद्राच्या इतर खात्यांत आहात. आपल्या कार्यालयातील अहवालाच्या मुळाशी असलेल्या स्क्रिप्टला ‘१,२५,०००’, ‘०८’, ‘निरंक’, देवनागरी ‘१२५’ आणि एक कोरा रकाना, एवढे पाच नमुने देऊन पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे. पाचांपैकी ज्या ज्या ठिकाणी शून्य येईल, त्या त्या ठिकाणी ते शून्य कोणाच्या नावावर जमा होत आहे, याचा शोध घ्यावा.